हवाई अंतर खरं, ‘५४ मिनिटं’ कुणाची? अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणाऱ्या एका संकेतस्थळाबद्दल

लसी वेळेत आणि थंड पोचवायच्या, हे माझं काम. शीतगृहातून खोकी कधी निघतील, कुठे थांबतील, कोण उचलेल, कुठल्या दिवशी कुठल्या गावात सत्र भरेल, याचं वेळापत्रक मी लावते. त्यामुळे दोन ठिकाणांमधलं अंतर आणि वेळ हे दोन आकडे माझ्यासमोर दिवसभर असतात. ज्या संकेतस्थळाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव देत नाही. या प्रकारची संकेतस्थळं पुष्कळ आहेत आणि जवळजवळ सगळी एकाच साच्यातली आहेत. एका चौकटीत शहराचं नाव घालायचं, दुसरीत गावाचं, आणि बटण दाबायचं. वर मोठ्या अक्षरांत किलोमीटर येतात, खाली मैल, त्याखाली सागरी मैल, आणि सगळ्यात ठळक ओळ असते ती उड्डाणाच्या वेळेची.

या कामावर नवीन होते तेव्हा एका दूरच्या गावासाठी मी हे पहिल्यांदा वापरलं. उत्तर आलं: ३४० किलोमीटर, उड्डाण ५४ मिनिटं. वरिष्ठांना संध्याकाळपर्यंत कच्चा तक्ता हवा होता. मी त्यात एक तास धरला, पुढे गाडीचे दोन तास धरले, आणि दुपारी तीनचं सत्र लावून टाकलं.

खोकी सकाळी सहाला शीतगृहातून निघाली. छोटं पंख्याचं विमान साडेनऊला उडालं आणि अकराच्या सुमारास उतरलं, पण त्या गावात नव्हे, तर गावापासून सरळ रेषेत ९० किलोमीटरवर असलेल्या दुसऱ्या वस्तीत. धावपट्टी तिथेच आहे. तिथून जीपचा रस्ता १४० किलोमीटरचा. संध्याकाळी पाचला जीप नदीकाठी पोचली. पलीकडे नेणारी होडी अंधारात चालत नाही, म्हणून रात्र काठावरच गेली. सकाळी आठला लस गावात पोचली. निघाल्यापासून २६ तास.

लस वाचली ती नदीकाठच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेमुळे. आम्ही दिलेले होते हातात न्यायचे कॅरिअर, आणि तेही छोट्या पल्ल्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे अशा कॅरिअरने ४३ अंशांच्या उष्म्यात किमान १५ तास थंडावा धरला पाहिजे. लांब पल्ल्याच्या कॅरिअरने ३० तास, मोठ्या कोल्ड बॉक्सने ४८ तास आणि लांब पल्ल्याच्या बॉक्सने ९६ तास. प्रवास तीन तासांचा आहे असं मी लिहून दिलं होतं, म्हणून १५ तासांचं कॅरिअर सगळ्यांना भरपूर वाटलं. त्या बाईंनी रात्री झाकण न उघडता आधी वेळ विचारली, हिशेब केला, आणि आपल्या फ्रीझरमधले आइसपॅक बाहेर काढून ठेवले. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज येईपर्यंत त्या थांबल्या. थेट फ्रीझरमधला पॅक कुपीला टेकला तर लस गोठते, आणि धनुर्वाताची किंवा हेपटायटिस बीची लस एकदा गोठली की कामातून गेली. मग पॅक बदलले. सकाळी गावात प्रत्येक कुपीवरचा, उष्णता लागली की गडद होत जाणारा निर्देशक तपासला तेव्हा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकाच होता. एकही कुपी टाकावी लागली नाही.

पण आदल्या दिवशी तीनचं सत्र आहे असं सांगितलेलं होतं. आसपासच्या वाड्यांवरच्या बाया दुपारपासून मुलांना घेऊन बसल्या होत्या. काही दोन-दोन तास चालून आल्या होत्या. दिवस मावळल्यावर त्या परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या निम्म्यासुद्धा आल्या नाहीत. हा दोष संकेतस्थळाचा की माझा? तक्ता मी भरला होता, सही माझी होती. पण ती ५४ मिनिटं आली कुठून, हे मला शोधायचं होतं. पुढचे कित्येक दिवस घरी आल्यावर मी तेच केलं.

उत्तर फार अवघड निघालं नाही. ते संकेतस्थळ दोन बिंदूंचे अक्षांश-रेखांश घेतं, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सर्वात कमी अंतर काढतं, त्याला ताशी साधारण ८५० किलोमीटरने भागतं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतं. ३४० ला ८५० ने भागलं की २४ मिनिटं, त्यात ३०, झाली ५४. जगातल्या कुठल्याही दोन बिंदूंना हेच गणित. तिथे विमानतळ आहे का, विमान जातं का, कुठलं विमान जातं, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ताशी ८५० किलोमीटर हा मोठ्या जेटचा उंचावरचा वेग. दूरच्या गावांच्या दिशेने जी विमानं जातात ती पंख्याची असतात. सत्तर आसनांचं एटीआर साधारण ५०० च्या वेगाने जातं, आणि आखूड धावपट्टीवर उतरणारं ट्विन ऑटर ३०० च्या आसपासच राहतं. त्यातही प्रवाशाला किंवा खोक्याला लागणारा वेळ चाकांपुढचा अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत मोजतात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात छापलेला असतो तो हाच वेळ, निव्वळ हवेत असण्याचा नव्हे.

मग मी ज्यांची माहिती पक्की आहे अशा जागा घालून पाहायला लागले. ही चाचणी कुणालाही घरबसल्या करता येईल, आणि असं कुठलंही संकेतस्थळ वापरण्याआधी ती करावीच.

पहिली जोडी स्कॉटलंडच्या उत्तरेची, ऑर्कनी बेटांतली: वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. जगातलं सर्वात छोटं नियमित उड्डाण इथे होतं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा बरा असेल तर त्याहूनही कमी. संकेतस्थळ म्हणालं, ३० मिनिटं. अर्धा तास ठोकून मिळवलेला आहे हे इथे लगेच उघडं पडतं.

दुसरी जोडी केप टाउन आणि दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटावरची एकुलती एक वस्ती. अंतर साधारण २,८०० किलोमीटर, उड्डाण पावणेचार तास, असं उत्तर आलं. त्या बेटावर धावपट्टीच नाही. जाणारा माणूस जहाजाने जातो आणि समुद्र शांत असला तरी आठवडाभर लागतो. बंदर छोटं असल्यामुळे लाटा मोठ्या असल्या तर समोर बेट दिसत असतानाही जहाजाला बाहेर थांबावं लागतं. अशा जागेसाठी ‘उड्डाण: ३ तास ४८ मिनिटं’ ही ओळ दाखवायचीच कशाला? धावपट्टी नाही एवढं लिहिलं तरी वाचणारा सावध होईल.

तिसरी चाचणी मला सर्वात जास्त शिकवून गेली. काठमांडूहून लुक्ला, आणि काठमांडूहून नामचे बाजार, दोन्ही नेपाळमधली, एव्हरेस्टच्या वाटेवरची गावं. लुक्लाला २,८०० मीटरच्या वर धावपट्टी आहे, ५२७ मीटर लांबीची आणि चढावर बांधलेली. विमान चढाच्या दिशेने उतरतं आणि उताराच्या दिशेने उडतं. काठमांडूहून ते अर्ध्या तासाच्या थोडं पुढेमागे पोचतं. नामचेला ट्रेकिंगवाल्यांना उतरवणारं नियमित विमान नाही. लुक्लाहून चालत जायचं, आणि उंचीची सवय व्हावी म्हणून बहुतेक लोक दोन दिवस घेतात. संकेतस्थळावर दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी आली, १३५ किलोमीटरच्या आसपास. बारकाईने पाहिलं तर नामचे काठमांडूला किलोमीटरभर जवळच निघतं! वेळही दोन्हीकडे तीच, ४० मिनिटांच्या आत. लुक्लाच्या बाबतीत हा आकडा योगायोगाने खऱ्याच्या जवळ पडतो. नामचेच्या बाबतीत तोच आकडा दोन दिवसांनी चुकतो. त्या रात्री मी माझा तक्ता उघडला आणि प्रत्येक गावापुढे ‘हे लुक्ला की नामचे?’ असं लिहीत गेले. माझ्या यादीतली बहुतेक गावं नामचे निघाली.

आता त्यातलं जे चांगलं आहे, तेही नीट सांगते, कारण ते मी आजही वापरते. अंतर. सरळ रेषेतलं हवाई अंतर हे संकेतस्थळ विश्वासाने सांगतं. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून ते गणित करतं. खरी पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ३४० किलोमीटरमध्ये तो दीड-पावणेदोन किलोमीटर. माझ्या कामाला हे चालतं. फक्त उत्तर ‘३४०.२१७’ असं तीन दशांश स्थळांपर्यंत देऊ नये. तिसरं स्थळ म्हणजे एक मीटर. ज्या गावाचं पहिलं घर आणि शेवटचं घर यांतच किलोमीटरभर अंतर आहे, तिथे मीटर कुठून मोजला? असा आकडा पाहिला की माणसाला वाटतं, एवढं बारीक मोजलंय म्हणजे वेळही तशीच मोजली असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

पण अंतर बरोबर यायला बिंदू बरोबर लागतो, आणि दूरच्या गावांचं खरं दुखणं तिथे आहे. मोठ्या शहराचं नाव घातलं तर चूक होत नाही. गावाचं नाव घातलं की एकाच नावाची चार गावं निघतात, आणि हे संकेतस्थळ न विचारता त्यातलं सर्वात मोठं उचलतं. माझ्या यादीतल्या तीन गावांच्या बाबतीत असं झालं. एका गावाला तर ते भलत्याच नदीच्या खोऱ्यात घेऊन गेलं. आणखी एका गावाचे अक्षांश-रेखांश आमच्याच जुन्या नोंदवहीतून मी हाताने घातले होते. वहीत ४५ मिनिटं असं होतं आणि मी दशांशाच्या चौकटीत ०.४५ लिहिलं. ४५ मिनिटं म्हणजे ०.७५ अंश. एक अंश अक्षांश १११ किलोमीटरचा, म्हणजे त्या एका टिंबाने गाव ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकलं. नाव सापडलंच नाही तर काही संकेतस्थळं गुपचूप शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरतात. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे, तिथे पाणीच पाणी. उत्तर मात्र त्याच ठळक अक्षरांत येतं. याला एकच उपाय मला सापडला: आधी नकाशावर टाचणी कुठे पडली ते पाहायचं, मग आकडा वाचायचा. या संकेतस्थळावर नकाशा आहे, पण पानाच्या अगदी तळाशी. तो वर हवा.

लांबच्या शहरांच्या जोड्याही मी घालून पाहिल्या. माझ्या कामाचा तो भाग नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना पश्चिमेकडून येणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असतात, परतताना तेच तोंडावर येतात. एकाच मार्गावर जाण्या-येण्यात तासाभराहून अधिक फरक पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोचलं होतं. संकेतस्थळ दोन्ही दिशांना तीच वेळ सांगतं. हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी साधारण नऊ-साडेनऊ तास लागत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. सरळ रेषेच्या गणिताला बंद आकाश दिसत नाही.

मात्र एकदा हेच अंतर फार मोलाचं ठरलं. नदीला पूर आला, होडी बंद झाली, आणि त्या गावासाठी हेलिकॉप्टर मिळालं. वैमानिकाने पहिला प्रश्न विचारला तो अक्षांश-रेखांशांचा, दुसरा अंतराचा. वेळ त्याने विचारलीच नाही, ती तो स्वतः काढणार होता. मी ३४० किलोमीटर सांगितले. त्याने ते १.८५२ ने भागून १८४ सागरी मैल केले, आपल्या वेगाने भागले, वाऱ्याचा अंदाज धरला आणि म्हणाला, दीड तासाच्या वर. मग त्याने आकडा दुप्पट केला. गावात इंधन मिळणार नाही, म्हणजे जाऊन-येऊन पुरेल एवढं आणि वर राखीव, एवढं सगळं इथूनच न्यायला हवं, आणि तेवढं या यंत्राच्या टाकीत मावत नाही. म्हणून त्याने धावपट्टी असलेल्या वस्तीत थांबून इंधन भरायचं ठरवलं, आणि मला विचारलं, तिथून गाव किती? ते ९० किलोमीटर मी याच संकेतस्थळावर त्याच्यासमोर काढले. जाऊन-येऊन १८० किलोमीटर, इंधनाचा प्रश्नच उरला नाही. त्या दिवशी लस निघाल्यापासून चार तासांत गावात होती. वैमानिकाने आकडा तपासून घेतला तेव्हा किलोमीटरभराचाही फरक निघाला नाही. म्हणून हे संकेतस्थळ वापरू नका, असं मी म्हणणार नाही.

मी म्हणेन की अंतरासाठी वापरा, आणि उड्डाणाच्या वेळेची ओळ झाकून ठेवा. अंतराला माझे पाचपैकी चार तारे, वेळेला एक. तो एक तारासुद्धा फक्त दोन मोठ्या शहरांमध्ये बिनथांबा जेट जात असेल तेव्हाचा.

दुसरं एक संकेतस्थळ मी हल्ली जोडीला ठेवते. ते दिसायला साधं आहे, पण त्यात दोन गोष्टी आहेत ज्या पहिल्यात नाहीत. नावाचा गोंधळ असेल तर ते थांबतं आणि सगळी गावं समोर ठेवून विचारतं, यातलं कुठलं? आणि उत्तराखाली गावाला सर्वात जवळचे तीन विमानतळ अंतरासकट दाखवतं. त्या यादीत कधी कधी बंद पडलेल्या धावपट्ट्याही असतात, ते तपासावं लागतं. तरीही ती तीन नावं दिसली की डोक्यात बरोबर प्रश्न उभा राहतो: उतरायचं कुठे, आणि तिथून पुढे काय? माझ्या पहिल्या तक्त्याच्या वेळी ही तीन नावं माझ्यासमोर असती तर मी तीनचं सत्र लावलं नसतं.

पहिल्या संकेतस्थळाला मी पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी मागितल्या. गावाजवळ धावपट्टी नसेल तर उड्डाणाची वेळ देऊ नका. दिलीत तर कुठला वेग आणि कुठली मिळवणी धरली ते त्याच ओळीत लिहा. आणि नकाशा आकड्याच्या वर आणा. उत्तर आलं, सूचना नोंदवली आहे म्हणून. पान अजून तसंच आहे. मी दर महिन्याला उघडून पाहते.

माझ्या तक्त्यात आता ‘प्रवासाचा वेळ’ असा एकच रकाना नाही. हवाई अंतर, उतरायची धावपट्टी, आठवड्यातले विमानाचे वार, धावपट्टीपासून गावापर्यंतचा रस्ता, पाण्याचा टप्पा असेल तर होडीची शेवटची वेळ, आणि शेवटी वाटेत फ्रीझर कुठे आहे ते. पहिला रकाना संकेतस्थळावरून भरते. बाकीचे फोन करून भरते. जीपवाल्याला, होडीवाल्याला, उपकेंद्रातल्या त्याच परिचारिकेला. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा सगळ्यांना पुन्हा विचारते, कारण तोच रस्ता कोरडा असताना पाच तासांचा असतो आणि ओला असताना आठ तासांचा.

त्या गावाची जुनी ओळ मी खोडलेली नाही. ‘५४ मिनिटं’ वर पेन्सिलीची रेघ आहे, आणि पुढे लिहिलंय: मंगळवारचं विमान, कोल्ड बॉक्स ४८ तासांचा, मुक्काम नदीकाठी, पॅक रात्री नऊला बदलणे, सत्र बुधवारी सकाळी नऊ.